चौघांचा हायडन : ऑस्ट्रियातल्या क्वार्टेट कोर्सला जाऊन आल्यावर

ऑगस्ट २०२५ मध्ये आम्ही चौघं हौशी वादक ऑस्ट्रियातल्या एका उन्हाळी क्वार्टेट कोर्सला जाऊन आलो. एक व्यावसायिक स्ट्रिंग क्वार्टेट आठवडाभर हौशी गटांना शिकवतं, असा तो कोर्स. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक सेलो अशा चौघांचा गट; त्यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात. अर्जापासून परत येईपर्यंत जवळजवळ वर्ष गेलं. या वर्षात जे विचारायला कोणी सापडत नव्हतं, ते घडलं तसं लिहून ठेवते आहे.

मी पुण्यात राहते, बँकेत नोकरी करते आणि व्हिओला, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य, वाजवते. पहिल्या व्हायोलिनवर माझी भूलतज्ज्ञ मैत्रीण, तिला आम्ही डॉक्टरच म्हणतो. दुसऱ्या व्हायोलिनवर माझा मावसभाऊ, व्यवसायाने सीए. सेलोवर, म्हणजे बसून गुडघ्यांमध्ये धरायच्या मोठ्या, खर्जाच्या वाद्यावर, वांद्र्याची एक कॉलेजातली मुलगी, जी आम्हा तिघांना ताई-दादा म्हणते आणि सुराच्या बाबतीत आम्हा तिघांपेक्षा कडक आहे. आम्ही तिघं मोठी माणसं मुंबईत एकाच सरांकडे शिकलो. सर मूळचे गोव्याचे, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईच्या सिनेमा-ऑर्केस्ट्रात आलेल्या पिढीतले. दुसरं व्हायोलिन वाट्याला आलं म्हणून कोणी हिरमुसलं, की सर मेहली मेहतांचं उदाहरण द्यायचे. मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही काढलं, आणि पुढे अमेरिकेत गेल्यावर फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये ते दुसरं व्हायोलिन वाजवत होते. दादाला, म्हणजे माझ्या मावसभावाला, हे पाठ आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कोर्सची माहिती हाती आली. अर्जासोबत दोन रेकॉर्डिंग हवी होती, एक संथ आणि एक जलद भाग, दोन्ही एका दमात वाजवलेले, कुठेही जोडकाम न केलेले. आम्ही अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार हायडन याचं ओपस ७६ मधलं तिसरं क्वार्टेट निवडलं. ओपस म्हणजे संगीतकाराच्या छापील रचनांचा क्रमांक. ओपस ७६ मध्ये सहा क्वार्टेट आहेत. १७९९ मध्ये छापली गेली आणि काउंट एर्डोडीला अर्पण केलेली आहेत. तिसऱ्याचा दुसरा भाग म्हणजे एक धून आणि तिच्यावरची चार व्हेरिएशन्स, म्हणजे तीच धून वेगवेगळ्या साजात. ही धून हायडनने सम्राट फ्रान्झसाठी रचली होती, १२ फेब्रुवारी १७९७ रोजी सम्राटाच्या वाढदिवशी ती पहिल्यांदा गायली गेली, आणि आज जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल तीच आहे. पण आम्ही ती निवडली वेगळ्या कारणाने. हायडन ती धून कुठेही मोडत नाही. आधी पहिलं व्हायोलिन वाजवतं, मग दुसरं, मग सेलो, मग व्हिओला, आणि शेवटी पुन्हा पहिलं व्हायोलिन. धून तशीच राहते, भोवतालची माणसं बदलतात. चौघांपैकी प्रत्येकाला एकदा पुढे यावं लागतं आणि बाकीच्या वेळी मागे राहावं लागतं. शिकायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि फटाके तुळशीच्या लग्नापर्यंत चालतात, म्हणून रेकॉर्डिंग नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी ठेवलं. एका शाळेचा हॉल दोन तासांना दीड हजार रुपयांत मिळाला. पंखे बंद, खिडक्या बंद, शिपाईकाकांना आधीच सांगून ठेवलं की या दोन तासांत बाक सरकवायचे नाहीत. माइक फार जवळ लावू नका. आम्ही आठ फुटांवर, उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर लावला, तेव्हा कुठे चौघांचा मिळून एक आवाज मिळाला. जवळ लावला की चार वेगवेगळी वाद्यं ऐकू येतात.

आयएमएसएलपी या वेबसाइटवर नोटेशनच्या जुन्या आवृत्त्या फुकट मिळतात आणि सरावाला त्या पुरतात. पण कोर्सकडून कळवलं होतं की सगळ्यांनी हेन्ले या जर्मन प्रकाशकाची आवृत्ती आणावी, बारचे (नोटेशनमधल्या उभ्या रेघांमधल्या घरांचे) आकडे जुळायला हवेत. पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याची वेगळी पानं, जर्मनीहून मागवावे लागले, यायला तीन आठवडे लागले. आम्ही बोइंगच्या, म्हणजे बो (गज) कुठे कसा ओढायचा याच्या, खुणा जुन्या पानांवर करून बसलो होतो, त्या सगळ्या नव्या पानांवर उतरवल्या.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निवड झाल्याचा मेल आला. फी माणशी ६८० युरो, राहणं-जेवण धरून, त्यातली निम्मी फेब्रुवारीअखेर भरायची. परदेशी पैसे पाठवायला बँकेत ए-टू फॉर्म, पॅन कार्ड आणि निमंत्रणपत्राची प्रत लागते. पाठवताना सगळे चार्जेस आपल्या खात्यातून कापले जावेत असा पर्याय निवडा. नाहीतर मधल्या बँका आपापला वाटा कापतात, तिकडे पंधरा-वीस युरो कमी पोचतात आणि पुन्हा मेलामेली सुरू होते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. आम्ही मुंबईतल्या केंद्रात मे महिन्यातली तारीख घेतली. फी ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन कोरी पानं असलेला. एवढं सगळ्यांना सारखंच होतं. खरा वेळ गेला तो प्रत्येकाच्या वेगळ्या कागदांत. डॉक्टरांना हॉस्पिटलचं रजेचं पत्र लागलं. दादाचा स्वतःचा व्यवसाय, त्यामुळे जीएसटी नोंदणी आणि आयकर विवरणपत्रं. मला पगाराच्या पावत्या आणि कार्यालयाचं ना-हरकत पत्र. ते पत्र वरच्या कार्यालयातून यायला पाच आठवडे लागले, म्हणून नोकरदारांनी हा अर्ज सगळ्यांत आधी टाकावा. सेलोवालीला कॉलेजचं पत्र, वडिलांचं खर्चाची जबाबदारी घेणारं पत्र, त्यांची बँक स्टेटमेंट्स आणि नातं दाखवणारा जन्मदाखला.

केंद्रात बोटांचे ठसे दिले, खिडकीतल्या बाईंनी कोर्सचं पत्र दोनदा वाचलं आणि चौघांचे अर्ज एकत्र आहेत का विचारलं. एकमेकांची नावं लिहिलेलं एक साधं पत्र प्रत्येकाच्या अर्जाला जोडा. आम्ही जोडलं होतं, त्याचा उपयोग झाला. नियमाप्रमाणे निर्णय पंधरा दिवसांत येतो, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. आम्हा तिघांचे पासपोर्ट जूनच्या पहिल्या आठवड्यात आले. सेलोवालीचा येईना. तीन माणसांचं क्वार्टेट होत नाही. कोणी एक राहिलं तर तिघांचंही जाणं रद्द, हे आम्ही मोठ्याने बोलत नव्हतो, पण तालमीला बसलो की पहिली पंधरा मिनिटं कोणाचाच हात मोकळा चालत नसे. तिचा पासपोर्ट जूनच्या शेवटी आला. तोपर्यंत तिकिटं रद्द करता येतील अशीच ठेवली होती आणि तुम्हीही तशीच ठेवा.

वाद्यांचं आधी ठरवा, तिकीट मग काढा. व्हायोलिन आणि व्हिओलाची पेटी केबिनच्या ठरलेल्या मापापेक्षा लांब असते. विमान कंपनीला मेल करून लेखी परवानगी घ्या आणि तिची छापील प्रत पेटीतच ठेवा. सेलोला स्वतंत्र सीट घ्यावी लागते. ती फोनवरच बुक होते आणि जवळजवळ माणसाच्या तिकिटाइतकीच पडते. आमच्या मुलीने शेवटी व्हिएन्नात सेलो भाड्याने घेतला, आठवड्याला १२० युरो आणि ५०० युरो अनामत. स्वतःचा बो मात्र तिने नेला. आपलं वाद्य नसलं तरी आपला बो हातात असेल तर दोन दिवसांत सवय होते, असं तिला सरांनी सांगितलं होतं आणि तसंच झालं. जुन्या बोच्या टोकाला हस्तिदंत असेल तर तो घरीच ठेवा, सरहद्दीवर त्याचे नियम फार कडक आहेत. निघताना विमानतळावर कस्टम्सकडून वाद्यांचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. त्यासाठी तासभर आधी पोचा, वाद्याचं बिल किंवा किमतीचा कागद आणि फोटो जवळ ठेवा. परत येताना हे वाद्य बाहेरून विकत आणलेलं नाही हे त्यावरून दाखवता येतं.

आणखी एक गोष्ट हवेची. पुण्याच्या पावसाळ्यातून निघालेलं लाकूड विमानाच्या कोरड्या हवेत आणि मग तिकडच्या उन्हाळ्यात जातं. पेटीत ठेवायची ओलाव्याची नळी आम्ही नेली होती, तरीही दुसऱ्या दिवशी माझ्या व्हिओलाची खालच्या बाजूची शिवण उघडली. वाजवताना एक बारीक थरथर यायला लागली. गावातल्या वाद्य-कारागिराने सरस लावून, शिकंजे लावून रात्रभर ठेवलं आणि चाळीस युरो घेतले. प्रवासात तारा थोड्या उतरवा, पूर्ण सैल करू नका, आतला साउंडपोस्ट, म्हणजे पोटात उभी असलेली लाकडी कांडी, पडतो.

कोर्सचं गाव व्हिएन्नापासून ट्रेनने तासाभरावर. रोज सकाळी दीड तास शिकवणी, दुपारी आपला सराव, संध्याकाळी त्या चौघांची तालीम ऐकायची मुभा. आमच्या वाट्याला बहुतेक वेळ त्यांच्या व्हिओलावादक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला हायडनचा एकही बार वाजवू दिला नाही. फक्त तारा लावून घेतल्या. तिकडे ए हा स्वर ४४३ हर्ट्झला लावतात, ते आम्हाला कळवलेलं होतं आणि जूनपासून आम्ही तसंच लावत होतो. अडचण पंचमांची निघाली. आपण तानपुऱ्यावर वाढलेली माणसं, षड्ज-पंचम शुद्ध लागला नाही तर बसवत नाही. पण सेलोची सी, मग जी, डी, ए आणि व्हायोलिनची ई असे चारही पंचम एकावर एक शुद्ध लावत गेलं, तर शेवटी ती ई सेलोच्या सीच्या शुद्ध गंधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे पाचव्या हिश्शाने चढी निघते. सी मेजरचा साधा कॉर्ड, म्हणजे सीला सा मानून सा-ग-प एकत्र, मोकळ्या तारांवर वाजवला तरी तो खरखरतो. म्हणून क्वार्टेटवाले पंचम किंचित आवळतात. सेलो आणि व्हिओला आपली सी तार केसभर चढवतात. बाईंनी माझ्या खुंटीला हात लावला, तेव्हा माझ्या कानाला ते अगदी चुकीचं वाटलं. मग चौघांनी मिळून कॉर्ड वाजवला आणि खोलीत आणखी एक खालचा सूर उभा राहिला, जो कोणीच वाजवत नव्हतं. खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तो ज्यांनी लहानपणापासून ऐकलाय, त्यांना हे लगेच उमगतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण तिथे अगदी परके नाही.

दुसऱ्या दिवशी धून. जी, ए, बी, ए, सी, बी, ए, एफ शार्प, जी. जीला सा मानलं तर हा एफ शार्प म्हणजे शुद्ध निषाद. धून वाजवणाऱ्याला तो षड्जाकडे ओढ घेणारा, जरा चढा हवासा वाटतो. पण त्याच क्षणी खाली डी मेजरचा कॉर्ड आहे, आणि त्या कॉर्डात हाच स्वर गंधार आहे. गंधार म्हणून तो उतरलेला हवा. दोन्ही बरोबर, आणि बोट एकाच जागी पडणार. पुण्यात आम्ही यावर महिनोन्महिने वाद घातले होते. दादा ट्यूनर समोर ठेवायचा, डॉक्टर तो उलटा करून ठेवायच्या.

बाईंनी डॉक्टरांना एफ शार्पवर थांबवून धरलं आणि आम्हा तिघांना एकेक करून खालून यायला सांगितलं. आधी सेलो, बिनव्हायब्रेटोचा, म्हणजे स्वर न थरथरवता, अगदी कमी बो. मग मी. मग दादा. त्या म्हणाल्या, "ज्याच्याकडे धून आहे त्याने स्वर ठरवायचा. बाकीच्यांनी त्याच्या स्वराखाली जागा करून द्यायची. कॉर्ड जड वाजवलात तर तिचा स्वर बेसूर वाटेल. हलका वाजवलात तर तोच स्वर सुरात वाटेल." आणि तसंच ऐकू आलं. स्वर हलला नव्हता. खालचा भार कमी झाला होता.

मग त्यांनी एक अवघड काम दिलं. चौघांनी एकाच स्टँडवरचं पान बघून धून एकत्र वाजवायची, पण प्रत्येक वेळी एकाच्या बोइंगने. डॉक्टर ओळीच्या शेवटी बो हळू करतात, दादा शेवटपर्यंत सारखा ठेवतो, सेलोवाली पहिल्या स्वराला जरा उशिरा सुटते, मी सीवर झुकते. इतक्या महिन्यांत एकमेकांबद्दल हे आम्ही कधी बोललो नव्हतो. दादाची ओळ वाजवताना मला कळलं की पहिल्या व्हेरिएशनमध्ये, जिथे फक्त दोन व्हायोलिन आहेत आणि डॉक्टर त्याच्या धुनीभोवती जलद स्वर विणतात, तिथे तो मागे का पडतो. तो मागे पडत नव्हता, त्याचा श्वास लांब होता आणि डॉक्टर तो पूर्ण होऊ देत नव्हत्या. बाईंनी डॉक्टरांना व्हायोलिन खाली ठेवून दादाबरोबर धून गायला लावली. दोन वेळा गाऊन त्यांनी पुन्हा वाजवलं, तेव्हा ते जलद स्वर दादाच्या ओळीतल्या मोकळ्या जागांत जाऊन बसले.

बसण्याची जागाही बदलली. मी बाहेरच्या टोकाला बसत होते, तिथे व्हिओलाच्या पाटीवरची भोकं मागच्या भिंतीकडे होतात आणि आवाज तिकडेच जातो. सेलो बाहेर घेतला आणि मी आत आले. ज्यांची व्हिओला ऐकू येत नाही त्यांनी जोर लावण्याआधी हे करून बघावं.

संध्याकाळची त्यांची तालीम हा मात्र वेगळाच भाग. ते बीथोव्हनचं ओपस १३२ बसवत होते. १८२५ च्या वसंतात बीथोव्हन बराच आजारी होता. त्यातून उठल्यावर त्याने यातला तिसरा भाग लिहिला आणि वर लिहून ठेवलं की हे बऱ्या झालेल्या माणसाचं देवाला कृतज्ञतेचं गीत आहे, लिडियन मोडमधलं. लिडियन म्हणजे तीव्र मध्यम आणि बाकी सगळे शुद्ध, आपल्या यमनाचे स्वर. राग अर्थातच नाही, चलन अगदी निराळं आहे. पण तो मध्यम पहिल्यांदा आला तेव्हा मी आणि दादाने एकमेकांकडे पाहिलं.

सुरुवातीला एकेक वाद्य पाठोपाठ दबक्या आवाजात येतं. या एवढ्याशा ओळीवर ते अर्धा तास बसले. सेलिस्टने खालचा स्वर धरला, बाकीचे एकेक करून त्याच्यावर येऊन बसले. दुसऱ्या व्हायोलिनवाल्याने पहिल्याला विचारलं, तुझा बो या स्वरावर कुठे संपतो? त्याने जागा दाखवली, टोकापासून चार बोटं. दुसऱ्याने आपला बो तिथेच आणला. मी समजत होते की असे वादक सतत एकमेकांच्या डोळ्यांत बघत असतील. तसं नव्हतं. नजर बहुतेक वेळ पानावर, आणि कडेने शेजाऱ्याच्या उजव्या हाताकडे. स्वर सुरू होण्याआधी पहिल्या व्हायोलिनवाल्याचा नाकाने घेतलेला श्वास ऐकू यायचा, आणि त्या श्वासाचा वेग हीच पुढची लय असायची. संथ ओळीआधी संथ श्वास. आम्ही पुण्यात मान हलवून इशारा करत होतो, लय त्यात येतच नव्हती.

एका जागी त्यांचं जमेना. पहिल्या व्हायोलिनला पुढच्या ओळीआधी थांबायचं होतं, आमच्या बाईंना नको होतं. त्यांनी दोन्ही प्रकारे वाजवून पाहिलं आणि काही न ठरवता पुढे गेले. दोन दिवसांनी मैफलीत त्या जागी त्यांनी तिसरंच काही केलं, अगदी जरासं रेंगाळले, चौघेही एकदम. दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं, हे कधी ठरलं? त्या म्हणाल्या, "ठरलं नाही. सेलोचा स्वर सुंदर लागला होता, तो सोडवेना." मग त्यांनीच अमेडियस क्वार्टेटची आठवण काढली. १९४७ पासून तेच चौघं एकत्र वाजवत होते, १९८७ मध्ये त्यांचा व्हिओलावादक पीटर शिडलॉफ गेला आणि उरलेल्या तिघांनी दुसरा माणूस न घेता थांबायचं ठरवलं. चाळीस वर्षं. एका मोकळ्या दुपारी आम्ही आयझेनश्टाटला जाऊन आलो. तिथल्या बेर्गकिर्श या चर्चमध्ये हायडनची समाधी आहे. सेलोवाली बराच वेळ तिथे उभी होती.

शेवटच्या दिवशी गावातल्या लहान सभागृहात सगळ्या गटांनी वाजवलं. आमचा फक्त दुसरा भाग होता. बाईंनी जाताना एवढंच सांगितलं, राष्ट्रगीत म्हणून वाजवू नका, हायडनने वर 'कांताबिले' लिहिलंय, गात वाजवा. माझं व्हेरिएशन तिसरं. हात गार पडले होते. पहिल्या स्वरावर बो ठेवला आणि डॉक्टरांचा श्वास ऐकू आला, त्यांना त्या वेळी इशारा द्यायचा नव्हता, तरी त्यांनी माझ्याबरोबर श्वास घेतला होता. निषाद आला तेव्हा मी तो जरा चढाच ठेवला, कारण त्या क्षणी तो तसाच हवासा वाटला. कोणीही त्याला ओढून खाली आणलं नाही. दादाने आपला स्वर पातळ केला, अगदी त्याच क्षणी. हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

परतल्यावर मुंबईला कस्टम्समध्ये पेट्या उघडायला लावल्या, सर्टिफिकेट दाखवल्यावर पाच मिनिटांत सोडलं. विमान, व्हिसा, फी, विमा आणि व्हिएन्नातलं राहणं मिळून माणशी पावणेदोन लाखांच्या आसपास खर्च आला. सेलोची अनामत सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात परत जमा झाली. भाड्याच्या वाद्याचे आधीच फोटो काढून ठेवा, एक जुना ओरखडा आमचा नव्हे हे त्यावरूनच दाखवता आलं.

आता रविवारी सकाळी आम्ही ओपस ७६ चंच दुसरं क्वार्टेट घेऊन बसतो, डी मायनरमधलं. त्याची सुरुवातच पहिल्या व्हायोलिनच्या दोन उतरत्या पंचमांनी होते, ए-डी आणि ई-ए. डॉक्टर ते शुद्ध लावू पाहतात आणि खाली सेलोवालीने सी तार चढवून ठेवलेली असते. पहिल्या दोन बारांपुढे अजून फारसे गेलेलो नाही.